वाचक विचारतात : हत्ती एवढा महाग कशानं?

मागच्या अंकात ढोकऱ्याच्या, म्हणजे मेणाचे धागे गुंडाळून ओतलेल्या पितळी मूर्तींवर माझा लेख आणि दोन पानं फोटो काय छापले, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेजचा नुसता पाऊस पडला. संपादक म्हणले सर तुम्हीच उत्तरं द्या. मी काही संशोधक नाही बरं का, नांदेडात तीस-बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि या पितळेचा नाद लागला तो सुटला नाही, एवढंच. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

नांदेडहून एक ताई : सर, प्रदर्शनात वीतभर उंचीचा ढोकऱ्याचा हत्ती २२०० रुपयाला घेतला. घरी आल्यावर जाऊबाईंनी मोबाईलवर तसाच हत्ती ६५० ला दाखवला. सासूबाई म्हणायलेत, मोडीत घातलं तर एवढ्या पितळेचे हजार पण येणार नाहीत. मला फसवलं का?

ताई, फोटो जरा हललेला आहे तरी मला वाटतं फसवलेलं नाही. आणि सासूबाईंचा हिशोब मोडीचा आहे. त्या हिशोबानं त्यांची पैठणी पण किलोवर घालावी लागेल, पण हे त्यांना म्हणू नका, घरात शांतता बरी.

आधी हा हत्ती कसा होतो ते ऐका म्हणजे २२०० कुठं गेले ते कळंल. आधी मातीचा हत्ती करतात. शेतातली किंवा नदीकाठची माती, त्यात भाताचा भुसा, शेण, सगळं मळून हत्तीचा आतला गाभा करायचा, तो सावलीत वाळवायचा, भेगा बुजवायच्या, वरून बारीक माती-शेणाचा हात फिरवायचा. छत्तीसगडात बस्तरकडं मग त्याला सेमीच्या, म्हणजे आपल्या वालाच्या पानांनी घासतात, त्यानं पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पुढचं मेण नीट चिकटतं. आता मेण. मधमाशीचं मेण, त्यात सालाच्या झाडाची राळ, वितळवून गाळून घेतलेलं, ते कोमट असतानाच एका पिचकारीसारख्या दाबयंत्रात घालून दाबायचं की खालून दोऱ्यासारखे लांब धागे बाहेर येतात. आपल्या बाया कुरडया घालायला सोऱ्या वापरतात ना, अगदी तसलंच, फक्त भोकं बारीक. आणि मग तो धागा त्या मातीच्या हत्तीवर गोल गोल गुंडाळत जायचं. पाठ झाली, पोट झालं, सोंड झाली. त्यावर परत जाडसर धाग्याची झूल, कानाची किनार, गळ्यात घंटा, डोळा म्हणजे मेणाची एक गोळी नखानं दाबलेली. मी तिकडंच बस्तरातल्या कोंडागावला एका कारागीर बाईच्या ओसरीवर बसून बघितलंय, त्या बाईनं एका हत्तीच्या झुलीची वेणी घालायला सकाळचा चहा ते दुपारचं जेवण एवढा वेळ घेतला आणि मधेच मेण कडक झालं की बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकर मारायची आणि परत वेणी. मी म्हणलं मावशी एवढं बारीक कोण बघतंय, तर नुसती हसली.

म्हणजे आता बाहेरून मेणाचा आणि आतून मातीचा हत्ती तयार. त्यावर परत मातीचा लेप. पहिला एकदम बारीक मातीचा, त्यात कोळशाची पूड, कपड्यानं गाळलेली, कारण हाच थर मेणाची प्रत्येक रेघ उचलतो. मग त्यावर भुसा घातलेली जाड माती. मेण बाहेर जायला आणि धातू आत यायला वाट ठेवायची. भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जातं, काही जळतं, आणि आतल्या अन् बाहेरच्या मातीच्या मधी मेणाएवढीच पोकळी राहते, अगदी धाग्याधाग्यासकट. त्या पोकळीत पितळेचा रस उतरतो. काही ठिकाणी पितळेचे तुकडे साच्याच्या तोंडालाच मातीच्या वाटीत बंद करतात, वाटी खाली ठेवून भट्टीत तापवतात आणि पितळ पातळ झालं की चिमट्यानं धरून आख्खा साचा उलटा करतात, रस आपोआप आत जातो. कधी उलटायचं ते घड्याळावर नाही, ज्वाळेला हिरवट झाक आली की कारागीर उठतो. थंड झालं की बाहेरची माती हातोडीनं फोडून टाकायची. साचा संपला! परत त्यातून दुसरा हत्ती निघत नाही. मेण पण गेलं, माती पण गेली. रस कुठं अडकला आणि सोंड अर्धीच आली तर तो हत्ती परत भंगारात, आणि तुमच्या २२०० मधी त्या वाया गेलेल्या हत्तीचे पण थोडे आहेत असं समजा.

आता तुमचा हत्ती हातात घ्या आणि नख फिरवा. धागे खरे असतील तर ते अंगावर उभे राहिलेले लागतील, कुठं जाड, कुठं जरा चेपलेले, कुठं एक धागा संपून दुसरा जोडल्याचा सांधा दिसंल. नक्कल असंल तर रेघा सगळ्या सारख्या आणि बोथट असतात, साबणाच्या वडीवर उमटवल्यासारख्या. पोटाखालून किंवा कडेनं सरळ उभी एक शिवण दिसते का बघा, घासून काढलेली असली तरी दिसते, ती दोन तुकड्याच्या साच्याची खूण. चुंबक लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. उचलताना एकदम हलका आणि हाताला गार न लागणारा असला तर तो रेझिनचा, वर रंग मारलेला. ६५० वाला यातला कुठला तरी असणार, न बघता मी काही शपथ घेत नाही.

अजून एक. दुकानदार "लॉस्ट वॅक्स आहे सर" (म्हणजे हीच मेण घालवून ओतायची पद्धत) म्हणला म्हणजे लगेच भुलू नका. सराफ्यात कास्टिंगच्या अंगठ्या मिळतात ना, त्या पण मेणातूनच होतात, पण तिथं रबराच्या साच्यात मेण दाबून एकासारख्या एक शंभर काढतात. मूर्ती पण तशा काढता येतात. म्हणून मेण आहे का हा प्रश्नच नाही, ते मेण कुणी हातानं गुंडाळलंय का हे बघायचं. एकाच टेबलावर दोन हत्ती ठेवा म्हणावं. दोन्हीच्या सोंडेचा बाक, दोन्हीच्या घंटेची जागा तंतोतंत एक असली तर तिथून नमस्कार करून निघायचं.

किनवट तालुक्यातून एक दादा : सर, तुमच्या लेखात सगळं बस्तर, बंगाल, ओडिशा. आमच्याकडं गोंड आहेत, कोलाम आहेत, आंध आहेत. आमच्या जवळ कुणी हे काम करत नाही का?

दादा, कान धरतो. चूक माझी. तुमच्या अगदी उशाशी आहे. किनवटहून रेल्वेत बसलं की पुढं आदिलाबाद, आणि त्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात ओझा समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. जैनूरकडचं उशेगाव, तिकडचं केसलगुडा, ही गावं यासाठी माहीत आहेत. गावाचं नाव उशेगाव, आता याला तेलंगणातलं म्हणायचं की आपलं! १९५६ ला राज्यं नवी झाली तोवर मराठवाडा आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते, रेघ नंतर पडली. आदिलाबाद ढोकऱ्याला २०१८ मधी जीआय मिळालं, म्हणजे त्या नावावर कायद्यानं तिथल्याच कारागिरांचा हक्क.

आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे काही दिवाणखान्यात शोपीस लावणारे आपल्यासारखे लोक नव्हते, हे ध्यानात घ्या. ओझांचं काम गोंडांच्या देवासाठी. देवाच्या वस्तू, घंटा, दिवे, दागिने. गोंडांचं घराणं आणि त्यांचा देव असला की त्याचं पितळ ओतायला ओझा लागणार, जसं आपल्याकडं लग्नाला कासार लागतो तसं. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, मेश्राम कुळाची, किनवट-माहूरकडचे कितीतरी लोक जातात. तुम्ही गेलाच असाल. पुढच्या वेळी जत्रेत देवाच्या वस्तू बघताना जरा थांबून बघा, हात लावायचा नाही.

नावाचं पण सांगतो. ढोकरा हे नाव मुळात बंगाल-ओडिशाकडच्या ढोकरा दामार या भटक्या ओतकाम करणाऱ्या लोकांचं. पुढं सगळ्याच कामाला तेच नाव चिकटलं. बस्तरमधी हे लोक स्वतःला घडवा म्हणतात, घडवणारा तो घडवा, आपल्याला सांगायची गरज नाही. झारखंडात मल्हार. आपल्याकडं गावोगाव ओतारी असायचे, बैलाच्या घुंगरमाळा, घंटा ओतायचे, आता किती उरलेत ते तुम्हीच बघा. बाजारात पाटी मात्र एकच, ढोकरा आर्ट, आणि खाली गाव कुठलं ते कुणी लिहीत नाही. मला याचा राग येतो. घेताना गाव विचारा.

उदगीरहून एका विद्यार्थ्याचे वडील : मुलाला प्रोजेक्ट आहे. ही कला ५००० वर्षं जुनी आहे असं सगळीकडं लिहिलंय. खरं का? आणि मेण किती, पितळ किती, याचं काही गणित असतं का?

पाच हजार म्हणण्यापेक्षा साडेचार हजार म्हणा. मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी सगळ्यांनी पुस्तकात बघितलीय, १९२६ ला सापडली, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुस्तकातल्या फोटोमुळं ती मोठी वाटते, प्रत्यक्षात फक्त साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे मुलाच्या पेन्सिलीपेक्षा पण छोटी. ती याच मेणाच्या पद्धतीनं ओतलेली, काशाची. एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात मनगटापासून पार दंडापर्यंत बांगड्या. आमच्या वर्गात एक तांड्यावरची पोरगी होती, तिला फोटो दाखवला तर म्हणली सर ही तर आमची आजी. मी पुढं काही शिकवलंच नाही त्या दिवशी. पण एक गोष्ट मुलाला नीट लिहायला सांगा, पद्धत तेवढी जुनी आहे, त्यावरून आजचे कारागीर थेट मोहेंजोदडोचे वंशज असं लिहायचं नाही, सगळे लिहितात तरी.

जवळचं उदाहरण पाहिजे तर दायमाबाद. कायगाव टोक्याला पूल ओलांडताना प्रवरा येऊन गोदावरीला मिळते ना, त्याच प्रवरेवर वरच्या अंगाला, श्रीरामपूरकडं. १९७४ ला तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार वस्तू मिळाल्या, बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती, गेंडा. चारीचं मिळून वजन साठ किलोच्या वर! कारण त्या भरीव आहेत. ढोकरा बहुतेक पोकळ असतो, आत माती असते, म्हणून तेवढ्याच पितळेत मोठा हत्ती होतो. एवढा फरक प्रोजेक्टमधी चित्र काढून दाखवला तरी मार्क मिळतील.

आता गणित, आणि हे मला सगळ्यात आवडतं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही पद्धत लिहिलेली आहे. कल्याणी म्हणजे बसवकल्याण, उमरग्याहून जवळ, तुम्हाला उदगीरहून पण काही लांब नाही. तिथं या पद्धतीला मधूच्छिष्ट विधान म्हणलंय. मधूचं उष्टं ते मधूच्छिष्ट, मध काढून घेतल्यावर उरतं ते, म्हणजे मेण. काय शब्द आहे बघा. आणि त्यात मापं दिलीत, मेण तोलायचं, मूर्ती पितळेची किंवा तांब्याची असली तर धातू आठपट घ्यायचा, चांदीची असली तर बारापट, सोन्याची तर सोळापट. आता आपण ताडून बघू. मेण पाण्यापेक्षा जरासं हलकं, पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड, म्हणजे जेवढ्या जागेतून १०० ग्रॅम मेण गेलं तेवढ्या जागेत ८०० ते ९०० ग्रॅम पितळ बसणार. राजाचा आठपट बऱ्यापैकी बरोबर. शुद्ध सोन्याला मात्र वीसपट लागतं, तिथं सोळा थोडं कमी पडतं. मुलाला सांगा घरातली मेणबत्ती वापरू नको, मधमाशीच्या मेणाचा तुकडा आण आणि पाण्यात टाकून बघ, तरंगतो का. तेवढा प्रयोग पुरे. पुढचा करू नका, का ते खाली वाचा.

परभणीहून एक काका : यूट्यूबवर बघितलं. सोपं वाटतंय. सुट्टीत नातवंडांना घेऊन गच्चीवर करावं म्हणतो, कोळशाची शेगडी आहे, जुनी पितळी भांडी पण आहेत.

काका, करू नका. एकदम हात जोडून सांगतो.

मी केलंय म्हणून सांगतो. शाळेत असताना मोठ्या उत्साहानं आठवीच्या पोरांचं शिबिर घेतलं, मेणाचे घोडे केले, माती लिंपली, साचे चार दिवस उन्हात वाळवले. वरून ठणठणीत कोरडे. आणि शेवटच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून मी घाई केली. साचा आतून ओला होता. पितळेचा रस आत गेला आणि आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली, फट्ट करून साचा फुटला, रसाचे थेंब चार हातावर उडाले. पोरं लांब उभी होती म्हणून वाचलो, माझ्या चपलेला आरपार भोक पडलं. ती चप्पल मी अजून ठेवलीय. पितळ वितळायला ९०० अंशाच्या वर तापमान लागतं, तिथपर्यंत गेलं की त्यातलं जस्त उकळून पांढरा धूर सोडतं, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो, ओतकामवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. कारागीर साचा वाळलाय का ते हातात घेऊन, टिचकी मारून, आवाजावरून ओळखतात, आणि पावसाळ्यात काम कमीच करतात कारण साचे वाळतच नाहीत.

नातवंडांसोबत मेणापर्यंतचं सगळं करा की. मातीचा घोडा, त्यावर मेणाचे धागे. सोऱ्या काकूंना न विचारता घेऊ नका. पुढचं ओतायचं काम ज्याचं त्याला.

बीडहून एक ताई : मूर्ती काळपट पडली म्हणून भांड्याच्या पावडरनं घासली. आता धाग्यांच्या मधी पांढरं पांढरं अडकलंय आणि चमक पण भलतीच आलीय, नवी समईच वाटायली. काय करू?

अरेरे. ती काळपट तपकिरी झाक घाण नव्हती ताई, ती यायला वर्षं लागतात आणि तिच्यामुळंच खोलगट जागा गडद आणि वरचे धागे उजळ दिसतात. आता पांढरं काढायला मऊ दातांचा कोरडा ब्रश, नंतर ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं, बादलीत बुडवायचं नाही. कुठं हिरवा कळंक आला असला तरच तेवढ्या ठिपक्यावर कापसाच्या बोळ्यानं लिंबू, लगेच पुसून कोरडं. चमक जाऊ द्या, वर्ष-दोन वर्षात परत उतरंल, घाई करू नका. आणि तुम्ही शेवटी विचारलंय की ढोकऱ्याच्या वाटीत लोणचं वाढलं तर चालतं का, तर नाही. त्याला कल्हई नसते, आंबट कळकणार. पूर्वी धान्य मोजायची मापं या कामात व्हायची, आपल्या पायली-अधोलीसारखी, तसं कोरडं धान्य, सुपारी, खडीसाखर ठेवा खुशाल.

हिंगोलीहून एक वाचक : घोडा हलवला की आत खुळखुळतं आणि पायातून काळी माती पडते. खराब आहे का?

तो आतला गाभा. भाजलेली माती. पोकळ मूर्तींच्या पोटात असतेच, काही कारागीर खालून काढून टाकतात, काही तशीच ठेवतात. पेपर अंथरून त्यावर झटका, पडंल तेवढी पडू द्या. खराब नाही, उलट खऱ्या ढोकऱ्याची खूणच आहे.

जालन्याहून एक ताई : बिदरी आणि ढोकरा एकच का?

नाही. बिदरी जस्त आणि थोड्या तांब्याची, ओतून झाल्यावर कोरून त्यात चांदीची तार ठोकतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं काळी करतात. तिथं कारागिरी ओतल्यानंतर चालू होते. ढोकऱ्यात सगळी कारागिरी ओतायच्या आधीच संपलेली असते. संभाजीनगरला बिदरीची दुकानं आहेत, जाऊन दोन्ही हातात धरा.

धाराशिवहून एक दादा : बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे. पाहुण्यांना द्यायला ४० छोटे बैल पाहिजेत, सेम टू सेम, एक पण वेगळा नको. किती दिवस आधी सांगू?

दादा, वरचं सगळं वाचलं नाही वाटतं. ४० बैल मिळतील, सेम टू सेम मिळणार नाहीत. साचा एकदाच. एकाचं शिंग आत वळंल, एकाची मान वर राहील, एखाद्याचं वशिंड कारागिराला जास्तच आवडलेलं असंल. सेमच पाहिजे असतील तर बाजारातून पंढरपुरी पितळेचे घ्या, त्यात काही वाईट नाही, पण त्यावर ढोकरा लिहू नका. खरे पाहिजे असतील तर दिवाळीच्या आसपासच कारागिराशी किंवा त्यांच्या सोसायटीशी बोला, अर्धे पैसे आधी द्या, मेण आणि पितळ त्यांना रोखीनं घ्यावं लागतं, आणि उंची तेवढी सांगा, बाकी बैल कसा करायचा ते त्याला सांगत बसू नका. आले की सगळे सतरंजीवर मांडा आणि बहिणीला पहिला निवडू द्या. राहिलेल्या ३९ वरून पाहुण्यात भांडणं लागली तर मला पत्र पाठवायचं नाही.